आधी मंडळी, मग देऊळ

नवं चर्च म्हटलं की बहुतेकांना इमारत दिसते. कोनशिला, घंटा, दारावरचा क्रूस आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत मात्र गावातल्या मंडळीची सुरुवात विचारली, तर पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली, पहिला मास्तर कोण आला, त्याला राहायला जागा कोणी दिली, असल्या गोष्टी निघतात. देवळाचा विषय पुष्कळ नंतर येतो, आणि तो आला तरी थोडक्यात उरकतो. माझ्या मते हा क्रमच बरोबर आहे. मंडळी कशी जन्माला येते आणि जन्मल्यावर जगते का, हे समजून घ्यायला आजच्या अहिल्यानगरइतकं चांगलं उदाहरण मराठी मुलखात दुसरं सापडणार नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांना परत पाठवायचे हुकूमही निघाले. पुढे राहायची परवानगी मिळाली, ते मराठी शिकले, त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, छापखाना घातला. हॉल 1826 मध्ये प्रवासात असताना पटकीने गेले. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतरही बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या अगदीच तुटपुंजी होती. भर बाजारात उभं राहून प्रवचन करणारा परका माणूस आणि ऐकून पुढे जाणारे लोक, एवढ्यावर मंडळी होत नाही. डिसेंबर 1831 मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणं उघडलं आणि पुढच्या काही दशकांत चित्र पालटलं, ते मुख्यतः खेड्यांमुळे.

खेड्यातल्या मंडळीचं बी म्हणजे शाळामास्तर. शेवगाव, नेवासा, राहुरी, पारनेर या भागांत मिशनचा मास्तर यायचा तो बहुधा महारवाड्याला लागून राहायचा, कारण गावात त्याला घर मिळत नसे. सोमवार ते शनिवार मुलांना बाराखडी, पाढे आणि रविवारी त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर उपासना. रात्री कंदिलाच्या उजेडात मोठी माणसं वाचायला बसत. कोणाचं पत्र लिहून दे, सावकाराने अंगठा घेतलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखव, हीसुद्धा मास्तरचीच कामं. अक्षर आणि शुभवर्तमान एकाच माणसाच्या हातून घरात शिरत होतं. ज्यांना तोवर देवळाच्या पायरीवर आणि शाळेच्या ओट्यावर उभं राहू दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी या दोन्ही गोष्टींचं मोल किती असेल, याचा अंदाज आज आपल्याला करावा लागतो. नगरमधल्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून स्वतः शाळा काढली, ही हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागची गावोगावच्या मास्तरांची फळी फारशी कोणाला ठाऊक नाही.

मंडळी म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं. चार माणसं प्रार्थनेला जमली म्हणजे ती प्रार्थनासभा झाली. त्यांनी नियमाने एकत्र यायचं ठरवलं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी सुरू झाले, देखरेखीला पाळक आला, सोबत वडीलजन आणि सेवक निवडले गेले, सभासदांची नोंदवही झाली आणि कोणी चुकलं तर त्याला समजावण्याची, वेळ पडल्यास विधींपासून दूर ठेवण्याची रीत बसली, की मंडळी उभी राहिली. पंथापंथांत तपशील बदलतात. काहींत बिशपांचा धर्मप्रांत हे सगळं ठरवतो, काहींत सभासदांची सभा.

खरा पेच पुढे येतो. पाळक कोण आणि त्याचा पगार कोणी द्यायचा? मिशनरी पाळक, पगार बॉस्टनहून, इमारत देणगीतून, असा मामला राहिला तर लोक कायम पाहुणेच राहतात. बॉस्टनहून हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांना हे स्पष्ट दिसलं. लंडनमधल्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेनही त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला आले होते. मंडळीने आपला कारभार स्वतः करावा, आपला खर्च स्वतः भागवावा आणि आपला प्रसारही स्वतःच करावा, असं दोघांचं म्हणणं. अँडरसन 1854-55 च्या दौऱ्यात हिंदुस्थानात आले. त्याच काळात, 1854 मध्ये, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी माणूस मराठी मंडळीचा पाळक झाला.

याच अँडरसनसाहेबांच्या आग्रहामुळे मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. पाळक लोकांच्या भाषेत, लोकांच्या ऐपतीत राहावा, इंग्रजी शिकून कचेरीच्या नोकरीला लागू नये, असा त्यांचा विचार. स्वावलंबनाचं तत्त्व मला पूर्ण पटतं, पण त्याची किंमत ज्या पोरांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कारभार मंडळीच्या हाती सोपवायचा म्हणता आणि तिच्या मुलांनी काय शिकावं हे बॉस्टनमध्ये ठरवता, हे जुळत नाही.

दुसरा पेच जातीचा. खिस्ती आणि मोडक दोघेही ब्राह्मण घरातले, समोरची मंडळी बहुतांशी महार समाजातली. प्रभुभोजनात एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला रस सगळ्यांनी घ्यायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नगरसारख्या गावात हे करणं म्हणजे घरदार, सोयरीक, वाडा, सगळ्यावर पाणी सोडणं होतं. काहींनी ते सोडलं. म्हणून जात मंडळीतून हद्दपार झाली असं मात्र नाही. लग्न जमवताना, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत ती पुन्हा डोकं वर काढते, हे ख्रिस्ती समाजातली जाणती माणसं स्वतःच बोलून दाखवतात. नवी मंडळी स्थापन करणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून ज्याची काळजी घ्यायला हवी ती हीच गोष्ट, कारण सुरुवातीला एकाच भावकीची, एकाच वस्तीची माणसं जमली की दुसऱ्यांना दार बंद झाल्यासारखं वाटतं आणि पुढे ते उघडणं अवघड होतं.

1876-78 चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचे दोन दुष्काळ यांच्या काळात नगर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. भुकेल्या माणसाला खायला घालणाऱ्याचा देव जवळचा वाटला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं मला मनापासून वाटतं. पण मंडळीच्या दृष्टीने प्रश्न वेगळा असतो. पाऊस पडला, धान्य पिकलं, त्यानंतर किती जण उपासनेला आले? मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळात प्रचंड काम केलं आणि 1878 मध्ये नगरला धर्मशिक्षणाची शाळा उभी केली, ती याच उत्तरासाठी. आलेल्यांना शिकवणारी, त्यांच्याच भाषेत समजावणारी माणसं तयार केली नाहीत तर गर्दी जशी येते तशी जाते.

आणि त्या भाषेला सूर हवा होता. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गाणी पुष्कळशी इंग्रजी चालींवर बसवलेली. चाल जिथे लांबते तिथे शब्दातलं अक्षर ऱ्हस्व, आणि जिथे अक्षर दीर्घ तिथे चाल घाईत पुढे सरकलेली. गाणारा शब्द म्हणे, पण शब्द तोंडात रुळत नसे. नगरच्याच मंडळीतून याला उत्तर निघालं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी येशूच्या चरित्रावर कीर्तन उभं केलं, पूर्वरंग-उत्तररंगासह, झांजा-मृदंगावर. खेड्यातला माणूस प्रवचनाला पाच मिनिटं थांबत नसे, तो कीर्तनाला रात्रभर बसे.

मग आले कवी नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरचा त्यांचा बराच काळ नगर-राहुरी भागात गेला. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, ही त्यांची धारणा होती आणि त्यांच्या भजनांत ती ऐकू येते. अभंग आणि ओवी ही या मातीची वळणं त्यांनी उपासनेत आणली. नऊवारीतली आजी, जिला वाचता येत नाही, ती टिळकांचं भजन चष्म्याशिवाय आणि पुस्तकाशिवाय शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. मंडळीच्या वाढीचा लेखाजोखा मांडणारे सभासदांचे आकडे मोजतात. माझ्या लेखी नगरच्या मंडळीच्या इतिहासात 1895 हे साल कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं आहे. ज्या दिवशी माणसं स्वतःच्या चालीत देवाला हाक मारू लागली, त्या दिवशी ती मंडळी अमेरिकेची उरली नाही.

टिळकांना तेवढ्याने समाधान नव्हतं. 1917 मध्ये मिशनपासून बाजूला होऊन त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका कुटुंबासारखे एकत्र यावेत, ही कल्पना. मे 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबाराला त्यांच्या तोडीचा वारस मिळाला नाही. एका विलक्षण माणसाभोवती जमलेल्या मेळ्याचं पुढे काय होतं, हे नव्या मंडळीच्या प्रत्येक संस्थापकाने इथे पाहून ठेवावं.

पैशाची गोष्ट राहिलीच. स्वावलंबन म्हणजे काय ते बघायचं असेल तर नगर भागातल्या एखाद्या मंडळीच्या कापणीच्या सणाला जावं. देवळात वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाटीत अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव. भोपळ्याची बाजारात किंमत काय असेल ती असो, इथे दोन भाऊ चढाओढीने बोली लावतात. जिंकणारा भोपळा घेतो आणि तिथेच परत मंडळीला देतो, पुन्हा बोली लागते. तासाभरात तो एक भोपळा चार-पाच वेळा विकला जातो. हिशेब लिहिणारा वहीत नाव आणि रक्कम टिपून घेतो. ज्याच्याकडे रोख नाही तो दोन अंडी घेऊन येतो आणि त्याचंही नाव त्याच वहीत चढतं. पाळकांचा पगार, वीजबिल, देवळावरचे पत्रे बदलायचे पैसे, यातून आणि दर रविवारच्या अर्पणातून निघतात. मिळकतीचा दहावा भाग द्यावा ही शिकवण आहे, पण दशमांश प्रत्येकाला जमतोच असं नाही. अंडं मात्र जमतं.

शहरांत आज नव्या मंडळ्या निघतात त्या निराळ्या वाटेने. घरसभा, मग भाड्याचा हॉल, मग साउंड सिस्टीम. त्यातल्या पुष्कळ स्वतंत्र आहेत, कोणत्याही धर्मप्रांताशी न जोडलेल्या. त्यांचा उत्साह खरा आहे आणि त्यांच्या प्रार्थनेला येणाऱ्यांची गरजही खरी आहे: दारू सुटावी, आजार बरा व्हावा, शहरात कोणीतरी आपलं असावं. मला काळजी वाटते ती त्यांच्या कागदपत्रांची. घटनेच्या 25 आणि 26 व्या कलमांनी धर्म आचरण्याचं आणि धार्मिक संस्था चालवण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी हिशेब तपासणी, जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी. कटकटीचं वाटतं, पण हीच सभासदांची ढाल आहे. पाळक, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि मेहुणे एवढेच विश्वस्त असले, तर अंडी आणणाऱ्या म्हातारीच्या पैशाचा हिशेब मागायला कोणीच उरत नाही. आणि संस्थापक पाळकांचे डोळे मिटले की दोन गट कोर्टात उभे राहतात.

बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट आधीच, स्पष्ट सांगितली पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीसाठीच्या सवलती जातात. मुलाचा कॉलेजचा प्रवेश, नोकरीची जागा त्यावर अवलंबून असते. हे लपवून कोणाला पाण्यात उतरवणं मला अधर्म वाटतो.

अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे मोठ्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामावल्या. त्यांच्याकडे शहरांच्या मध्यावर जुनी दगडी देवळं आहेत, मोकळी आवारं आहेत आणि रविवारी सकाळची उपासना संपली की पुष्कळ ठिकाणी दिवसभर कुलूप असतं. दुसरीकडे नव्या मंडळ्या मंगल कार्यालयांचं भाडं भरून मेटाकुटीला आलेल्या. पुण्या-मुंबईतल्या काही चर्चांत एकाच छताखाली मराठी, तमिळ, इंग्रजी उपासना आळीपाळीने चालतात, म्हणजे सवय नवी नाही. नगरच्या, सोलापूरच्या, साताऱ्याच्या पंचकमिट्यांनी रविवारची दुपार एखाद्या होतकरू मंडळीला द्यावी, भाडं वीजबिलापुरतं घ्यावं आणि बदल्यात तिच्या हिशेबाच्या वह्या दरवर्षी बघायला मागाव्यात.