शेठ, तुम्ही चहा घेऊन या

मालक आणि ड्रायव्हर एकत्र आले की आमचे उस्ताद गाडीला हात लावत नसत. आधी मालकाला वाटेला लावायचे. "शेठ, तुम्ही चहा घेऊन या, तवर बघतो." मालक टपरीकडं वळला की टायरवरून हात फिरवत, ड्रायव्हरच्या तोंडाकडं न बघता विचारायचे, "काय भरलं होतं?"

जालन्यात अंबड चौफुलीकडच्या त्या गॅरेजात मी तीन वर्षं हेल्पर होतो. पुढं बरीच वर्षं सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला उभा राहिलो. सुरुवातीला मला वाटायचं, उस्तादांना चहा पाजायची हौस आहे. मग लक्षात आलं की मालकासमोर ड्रायव्हर फक्त रस्त्याला शिव्या देतो. कोणत्या खड्ड्यात चाक उतरलं, ते सांगत नाही. आणि मालक म्हणतो, याच्या हातात गाडी दिली त्या दिवसापासून हे असंच. किती टन भरायला लावलं, ते तोही सांगत नाही. दोघांच्या मधे गाडी उभी असते, तिला कोणी विचारत नाही.

आमच्याकडं 'काय भरलं होतं' याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. कधी बागेतली मोसंबी, दिवाळीच्या आगंमागं कापूस, पेरणीच्या तोंडावर बियाण्याची पोती आणि बाराही महिने एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची सळई. २००५ साली टाटांचा 'छोटा हत्ती' आला आणि ज्याच्याकडं बैलगाडी होती त्याच्या पोराला चारचाकीची स्वप्नं पडू लागली. त्याच्यापेक्षा जास्त वजनाला पिकअप. हरेक मालाचा आजार निराळा. कापूस वजनाला हलका, पण कॅबिनच्या वर हातभर चढतो. वळणावर गाडी झोके खाते आणि ड्रायव्हर म्हणतो शॉकअप गेले. शॉकअप ठणठणीत असतात. उंच गंज घेऊन वळलं की कोणतीही गाडी कलणारच.

सळईचा आजार अवघड. एकदा एक पिकअप आली. आधीच्या ठिकाणी स्टेअरिंग बॉक्स बदलून झाला होता, तरी तक्रार तीच.

"उस्ताद, स्टेरिंग हातात राहीना. हवेत चालल्यावानी वाटायलंय."

"काय भरलं होतं?"

"बार."

"मागं किती बाहेर होता?"

पोरगं गप्प. फाळक्याच्या कडीला लाल फडकं अजून बांधलेलं होतं. उस्तादांनी ते सोडून त्याच्या हातात दिलं आणि मला हाक मारली, "पाटे मोज."

मी खाली शिरलो. मागच्या स्प्रिंगच्या मूळ पाट्यांवर दोन जादा पाटे चढवलेले होते. ही आमच्याकडची जुनी खोड. पाटे वाढवले की गाडी मागं बसत नाही, आणि बसली नाही म्हणजे वजन झेपलं असं मालकाला वाटतं. पण आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच. सळई १२ मीटरची येते. दुमडली तरी ६ मीटर, आणि पिकअपचा हौदा त्याच्या निम्म्यालाही पुरता भरत नाही. उरलेलं लोखंड एक तर कॅबिनवरच्या चौकटीवर टेकवायचं, नाही तर मागं लोंबकळत सोडायचं. मागं सोडणं सोपं, म्हणून तेच होतं. १२ मिलिमीटरची एक अख्खी सळई साडेदहा किलोच्या वर भरते. तीसेक सळयांचेच तीनशे किलो झाले. त्या तीनशे किलोंचा भार मागच्या आसाच्या मीटरभर मागं पडला आणि दोन आसांत तीन मीटर अंतर असलं, तर पुढच्या चाकांवरचं शंभर किलो उचललं जातं. सी-सॉच्या फळीसारखा हिशेब आहे. पुढची चाकं जमिनीला धड टेकलेलीच नाहीत, तर स्टेअरिंग बॉक्स कितीही नवा घाला, तो कोणाला वळवणार?

परतीला तीच गाडी रिकामी असताना आणखी वाईट. इतक्या ताठ पाट्यांवर रिकामा हौदा दबतच नाही, बारीक खाचखळग्यांवर मागची चाकं उड्या मारतात, आणि त्याच क्षणी ब्रेक लागला तर शेपूट बाजूला सरकतं. उस्तादांनी दोन्ही बाजूंचा एकेक जादा पाटा काढायला लावला. चहा पिऊन आलेले शेठ चिडले. पैसे घेऊन पार्ट बसवणारे पाहिले होते, पैसे घेऊन काढणारा पहिलाच, असं काहीसं म्हणाले. चार महिन्यांनी तीच गाडी रस्त्यात दिसली. पाटे पुन्हा चढले होते, दुसऱ्या कोणाकडून तरी.

आता एक किस्सा माझ्याच अंगावर येणारा. घनसावंगीकडून मोसंबी आणणारी गाडी होती. दोनदा अलाइनमेंट झालेलं. संगणकावर सगळे आकडे हिरवे, आणि तरी गाडी उजवीकडं ओढते. सरळ जायला स्टेअरिंग डावीकडं वाकडं धरावं लागतं. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "वढायली म्हणजे वढायलीच. रात्रीतून हात भरून येतेत."

ओढण्याच्या तक्रारीला उस्ताद लगेच भुलत नसत. आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळं डाव्या बाजूनं चालणारी गाडी थोडी डावीकडं कलतेच. म्हणून आधी शेजारच्या जिनिंगच्या सपाट आवारात नेऊन चालवायची. तिथंही ओढली तर पुढचे दोन टायर आपसांत बदलायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. मग हबला हात लावायचा. एक गरम, एक थंड, तर ब्रेक चिकटलाय. यातलं काहीच निघालं नाही. मग त्यांनी मला बादलीभर पाणी जमिनीवर ओतायला सांगितलं आणि गाडी त्या ओलीतून सरळ पुढं न्यायला लावली. कोरड्या फरशीवर चार पट्टे उमटले. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्यांपासून डावीकडं सरकलेले.

"खेकडा झालाय," उस्ताद म्हणाले.

सुतळी आणली. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत उजवीकडचं माप घेतलं, गाठ मारली, डावीकडं लावली. डावीकडं दोन बोटं जास्त. मागचा आस डाव्या बाजूला मागं सरकला होता. पाट्यांच्या गठ्ठ्यातून एक सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं आसावरच्या भोकात बसतं आणि आस जागेवर राहतो. तो तुटला होता. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट शंभरदा केलं असतं तरी हे सापडलं नसतं, कारण आजार मागं होता.

मालक टपरीवर असताना ड्रायव्हरनं कबूल केलं की भरल्या गाडीचं चाक एका पुलाच्या तोंडाशी खड्ड्यात आदळलं होतं. पण उस्तादांचं समाधान झालं नाही. खड्ड्यानं बोल्ट तुटतो तो यू-बोल्ट ढिले असतील तर. यू-बोल्ट घट्ट असले की पाटे आणि आस एकमेकांना दाबून धरतात, सेंटर बोल्टवर जोर येतच नाही. नवे पाटे चार-पाचशे किलोमीटर चालले की बसतात, तेवढे यू-बोल्ट सैल पडतात आणि ते पुन्हा आवळावे लागतात. "हे पाटे कोणी घातले?" त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडंच घातले होते. मी. आणि पुन्हा आवळायला या, हे सांगायचं राहून गेलं होतं. उस्ताद काही बोलले नाहीत. मालक आल्यावर बिलात फक्त बोल्टची किंमत लिहिली, मजुरीच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ मला अजून दिसते.

त्यांच्या हाताची एक गोष्ट सांगतो, कारण ती मी नंतर कुठल्याच यंत्रावर पाहिली नाही. टायरच्या नक्षीवरून ते तळवा आडवा फिरवायचे, आधी आत, मग बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर फिरलेली. टायरवर ठरावीक अंतरानं खळगे लागले तर बहुतेक शॉकअप. आणि चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खटखट आली, तर मला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली की दोष बेअरिंगचा, नाही थांबली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. एक जोडीदार आणि एक पाय, एवढ्यावर निम्मा खर्च वाचतो. पाट्यांवर जळालेलं ऑइल मारणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग होता. आवाज आठवडाभर बंद होतो आणि रबरी बुश त्या ऑइलनं फुगून सडतात. पार्टच्या दुकानात आल्यावर मला कळलं की त्या आठवडाभराच्या शांततेवर आमचा बुशचा किती माल खपतो.

काउंटरवरचा एक किस्सा आहे तो समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतरचा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जालन्याच्या गाड्यांना अचानक नवे आजार जडले. खरं तर आजार जुनेच. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. तिथं पन्नासच्या पुढं काटा जातच नाही, तर थरथर कळणार कुठून? समृद्धीच्या काँक्रीटवर मालवाहू गाडीला ८० ची मुभा मिळाली आणि ७० ला जे स्टेअरिंग नाचायला लागलं ते नाचतच राहिलं.

जाफराबादकडचा एक ड्रायव्हर माझ्याकडून टाय रॉड एंड घेऊन गेला. थरथर तशीच. मग बॉल जॉइंट घेऊन गेला. तरी तशीच. तिसऱ्यांदा आला तेव्हा उस्ताद दुकानात बसलेले होते. गॅरेज सोडून त्यांना वर्ष झालं होतं, पण सवय गेली नव्हती.

"शेतात घातली होती का गाडी?"

"पोळ्याच्या टायमाला. खत टाकायला. फसली होती, ट्रॅक्टरनं काढली."

उस्तादांनी खुरपं मागितलं. दुकानात खुरपं कुठलं, शेजारच्या कृषी केंद्रातून आणलं. चाकाच्या आतल्या बाजूला, बाहेरून नजर पोचत नाही तिथं, रिमच्या खोबणीत काळ्या मातीचा गोळा वाळून विटेसारखा झाला होता. खरवडून काढला आणि गंमत म्हणून आमच्या काट्यावर ठेवला. पाऊण किलोला थोडा कमी. चाक बॅलन्स करताना शिशाचे दहा-वीस ग्रॅमचे तुकडे लावतात, त्या हिशेबात हा गोळा म्हणजे धोंडाच. ड्रायव्हर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट परत घेता का म्हणाला. बसवलेला माल परत घेत नाही, ही पाटी मीच रंगवून घेतली होती. मी पाटीकडं बोट दाखवलं आणि उस्तादांकडं बघायचं टाळलं.

आवाजाचे किस्से तर न संपणारे. सीटमागं लोळणारी जॅकची दांडी किती पिकअपच्या बुशांना बदनाम करून गेली असेल! पण माझ्या आठवणीत राहिलेला आवाज गॅरेजातल्या दिवसांतला, भोकरदनच्या एका गाडीचा. खड्डा आला की पुढून 'टण्ण'. मालकानं शॉकअप बदलले, स्टॅबिलायझरचे बुश बदलले. तरी टण्ण. गाडी आणली तेव्हा त्याची आईही सोबत होती, दवाखान्यातून परत निघालेली, कॅबिनमधेच बसून राहिली. उस्तादांनी मालकाला चहाला पाठवलं. नेहमीसारखं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही उस्ताद, खरंच काही नाही. दसऱ्यापासून वाजायलंय."

दसऱ्यापासून. उस्ताद समोर गेले, उकिडवे बसले. बंपरखाली तारेनं बांधलेली घोड्याची नाल लोंबत होती, झेंडूच्या वाळक्या देठांत लपलेली. त्यांनी बोटानं टिचकी मारली. टण्ण.

मी पक्कड घेऊन पुढं झालो, तर कॅबिनमधून म्हातारीचा आवाज आला, "ए पोरा, ती म्या बांधलीय."

उस्तादांनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली. "मावशी, नाही काढत," म्हणाले. मग जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापायला सांगितला, नालेभोवती दोन वेढे गुंडाळले आणि तार पुन्हा होती तशी पिळली. एक झेंडूचा देठ गळून पडला होता, तोही उचलून परत खोचला.

मालक चहा संपवून आला. "काय निघालं?"

"बुश होता," उस्ताद म्हणाले.