चालायला जायचंय? मग गाडी काढा!

भिवंडीत राहणाऱ्या माझ्या मामांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. मामा एकदम आज्ञाधारक! रोज सकाळी ते मामेबहिणीच्या स्कूटीवर मागे बसतात, ती त्यांना वऱ्हाळा तलावापाशी सोडते, मामा तिथे चालतात आणि परत स्कूटीवरूनच घरी येतात. घर ते तलाव अंतर किती? जेमतेम पंधरा मिनिटांचं. म्हणजे चालण्याचा अर्धा कोटा रस्त्यातच पूर्ण झाला असता. पण त्या रस्त्याने चालायचं कसं, हाच तर लोचा आहे.

हसू नका. लिफ्टने खाली उतरून, बाइकवरून जिमला जाऊन ट्रेडमिलवर धावणारे आपण काही वेगळे नाही!

ठाण्या-मुंबईच्या ऑफिसांत बसणाऱ्या आपल्याला भिवंडी भेटते ती मोबाइलच्या स्क्रीनवर. ऑनलाइन मागवलेला टी-शर्ट 'भिवंडी'ला पोचला की समजायचं, उद्या-परवा दारात येणार. त्या स्क्रीनच्या मागे 2011च्या जनगणनेनुसार सात लाखांहून जास्त वस्तीचं एक शहर आहे आणि ते मुळात चालणाऱ्यांचं शहर आहे. पॉवरलूमच्या कारागिराची खोली, त्याचा कारखाना, जेवायची बिस्सी आणि चहाची टपरी, सगळं दहा मिनिटांच्या आत. पाळी बदलायच्या वेळी एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. कानात लूमची खडखड आणि समोर माणसंच माणसं. कोणी गाडीवर नाही, सगळे पायी. वाट काढायची ती तागे लादलेल्या हातगाड्या आणि उलटे येणारे टेम्पो यांच्यामधून.

इथला व्हिलन एकटी कार नाही, हे आधी सांगून टाकते. मुंबईत जकात होती, तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर माल साठवणं स्वस्त पडायचं. म्हणून भिवंडीच्या आसपासच्या गावांत गोडाऊनं उभी राहिली. 2017च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली; पण गोडाऊनं वाढतच राहिली, कारण एव्हाना हायवे, बंदर आणि मुंबईचं गिऱ्हाईक असं सगळं जुळून आलं होतं. त्यामुळे कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, शेअर रिक्षा, बाइक आणि कार सगळ्यांना एकच अरुंद रस्ता. या वाटणीत पायी चालणाऱ्याला काय मिळतं? गटारावरची फरशी. तीही असली तर.

मध्यंतरी मी अंजूरफाट्याहून धामणकर नाक्याकडे पायी निघाले. मुद्दाम, वही घेऊन. फुटपाथ सुरू होतो, मग एका दुकानाच्या पायऱ्या त्यावर उतरतात. पुढे बाइकची रांग. मग विजेचा डीपी. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. प्रत्येक ठिकाणी खाली रस्त्यावर उतरायचं, मागून हॉर्न ऐकायचा आणि पुन्हा वर चढायचं. विसाव्या चढउतारानंतर मी मोजणं सोडून दिलं आणि इतरांसारखी सरळ रस्त्याच्या कडेनेच चालू लागले.

इंडियन रोड्स काँग्रेसची 2012ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. फुटपाथवर किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी वाट हवी आणि कठड्याची उंची 15 सेंटिमीटरहून जास्त नको, असं त्यांत लिहिलंय. दोन माणसं शेजारून जातील एवढीच ही मागणी. देशात 2022 साली रस्ते अपघातांत सुमारे 1 लाख 68 हजार माणसं गेली, त्यांतली जवळपास 33 हजार पायी चालणारी होती. 14 मे 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं, की चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे डीपीला वळसा घालून रस्त्यावर उतरताना आपण एका मूलभूत हक्कालाच वळसा घालत असतो!

मामेबहीण मानकोलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी कंपनीची बस तिला नाक्यावर सोडते. तिथून घर दहा मिनिटं. सुरुवातीला ती चालत जायची. अंधारात मागे येणारा टेम्पो दोनदा अंगावर आल्यावर तिने शेअर रिक्षा धरली. मग रिक्षासाठी वीस-वीस मिनिटं थांबून वैतागली आणि ईएमआयवर स्कूटी घेतली. चूक कोणाची म्हणायची? तिची तर नक्कीच नाही. पण रस्त्यावर एक गाडी वाढली आणि ती रात्री उभी राहते बिल्डिंगपुढच्या उरल्यासुरल्या फुटपाथवर. आता त्या फुटपाथवरून चालणारी एखादी मुलगी उद्या स्कूटीच घेणार ना?

'रस्ता रुंद करा' हा यावरचा नेहमीचा फंडा. पण नॅक्टो या अमेरिकी शहरांच्या वाहतूक संघटनेचं गणित बघा. सुमारे तीन मीटरच्या पट्टीतून कारमध्ये बसून तासाला जास्तीत जास्त दीड-एक हजार माणसं जातात, तेवढ्याच रुंदीच्या फुटपाथवरून नऊ हजार. भिवंडीसारख्या गच्च शहराला यातलं काय परवडेल, ते सांगायला इंजिनिअर कशाला हवा?

पुण्याने 2016 साली पादचारी धोरण मंजूर केलं. 2021पासून तिथे 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. वर्षातला एकच दिवस, मान्य. पण भर बाजारातला रस्ता मोकळा कसा दिसतो, ते दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना डोळ्यांनी बघायला तर मिळतं. भिवंडीच्या मंडईत एखाद्या रविवारी असं करून बघायला काय हरकत आहे?

खरी परीक्षा मेट्रोची आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5चं भूमिपूजन डिसेंबर 2018मध्ये झालं. पहिला टप्पा कापूरबावडीहून काशेली, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत धामणकर नाक्यापर्यंतचा. गाडी कितीही एसी असली, तरी स्टेशनचा जिना उतरणारा प्रत्येक प्रवासी पादचारीच असतो. स्टेशनभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये डीपी कुठे सरकवणार, रिक्षा कुठे थांबणार, टेम्पोंनी माल कोणत्या वेळेत उतरवायचा, हे ठरलं नाही तर खाली पुन्हा तीच कोंडी. मामेबहिणीला मी विचारलं, मेट्रोने जाशील ना? जाईन की, म्हणाली. पण स्टेशनपर्यंत स्कूटीने, आणि स्कूटी लावायची कुठे ते आधी सांग.