डोळ्यात यंत्र राहिलं, कंपनी उठून गेली

अंध माणसाच्या डोळ्यात चिप बसवली आणि त्याला दिसू लागलं, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मग वस्तीत आम्हाला विचारतात, "सिस्टर, आमच्या आईला बसवता येईल का?"

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्यातल्या पेशी प्रकाश टिपतात आणि शीर तो निरोप मेंदूला पोचवते. काही आनुवंशिक आजारांत या पेशी हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसत नाही, मग बाजूचं, पुढे पुष्कळांना जवळजवळ काहीच नाही. शीर मात्र शाबूत असते. अशांसाठी अमेरिकेतल्या 'सेकंड साइट' कंपनीने 'आर्गस-2' बनवलं. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला संगणकाची डबी, आणि पडद्यावर 60 बिंदूंची बारीक पट्टी. ती विजेचे हलके झटके देते, माणसाला ठिपके चमकताना दिसतात. दाराची चौकट कळते, लेकराचा चेहरा नाही.

अमेरिकेत 2013 मध्ये परवानगी मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. 2019 मध्ये कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवलं, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. यंत्र बिघडलं तर दुरुस्ती नाही, सुटा भाग नाही. काढायचं तर पुन्हा ऑपरेशन. नफा संपला म्हणून पेशंटला वाऱ्यावर सोडलं, असंच आम्ही म्हणू. म्हणून शरीरात काहीही बसवताना, गुडघा असो की पेसमेकर, त्याचं नाव आणि नंबर असलेलं कार्ड मागून घ्या, जपून ठेवा. बिघडलं तर कोण बघणार, हेही सहीआधी विचारा.

शोध थांबलेला नाही. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजलेल्यांना 'प्रिमा' नावाची 2 मिलिमीटरची बिनतारी चिप बसवली. 2025 मध्ये निकाल छापून आला: वर्षभरानंतर तपासलेल्या 32 पैकी 26 जणांना खास चष्मा लावून अक्षरं आधीपेक्षा बरी ओळखता आली.

पण आईच्या डोळ्यात बहुधा मोतीबिंदू असेल. आपल्या देशात पन्नाशीपुढच्या लोकांतलं सुमारे दोन तृतीयांश अंधत्व त्यानेच येतं. त्याला चिप लागत नाही. साधं भिंगाचं ऑपरेशन पुरतं, सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं. "पिकू द्या" म्हणून थांबू नका. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही, तेव्हा चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्या. आणि लहान मुलाच्या बुबुळात पांढरं चमकताना दिसलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.