मोठं दुकान येण्याआधी आपल्या पाटीची जागा कागदावर आणू या

आज आपण रस्ता आणि दुकान या दोन गोष्टींवर बोलणार आहोत. या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटेल. पण ज्या गावात एकच रस्ता असतो, तिथे दुकान कुठे उघडतं यावर सगळ्या गावाची सकाळ ठरते.

आमचं मढ मुंबई उपनगरात येतं, पण तीन बाजूंनी पाणी आहे. मालाड स्टेशनहून निघालेली २७१ नंबरची बेस्ट बस आक्सा, एरंगळ, भाटी करत मढच्या जेट्टीपाशी येते, आणि तिथे रस्ता संपतो. खाडीच्या पलीकडे वर्सोवा दिसतं. होडीने पाच-दहा मिनिटांत पोहोचता येतं. गाडीने जायचं तर मालाड-अंधेरी फिरून वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणूनच महापालिकेने खाडीवर मढ-वर्सोवा पूल बांधायचं ठरवलं आहे. पूल झाला की मागोमाग मोठी दुकानं येतील, असं आमच्या गटाच्या बैठकीत बायका बोलतात. तुमच्या गावाबाहेर हायवे रुंद झाला असेल, तर तुमच्याकडेही हेच बोलणं चालू असेल.

मग दोन बाजू पडतात. एक म्हणते, तेल-साखर स्वस्त मिळेल, भाव लिहिलेला असेल, बारावी झालेल्या मुलीला काउंटरवर नोकरी लागेल. दुसरी म्हणते, कोपऱ्यावरचा वाणी बसेल आणि आपल्या मासळीचं गिऱ्हाईक तुटेल. दोघींचंही खरं आहे. मोठं दुकान एकदम घाऊक माल उचलतं, म्हणून त्याला भाव कमी ठेवता येतो. पण ते खातं लिहून उधार देत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घर चालतं ते सुकवलेल्या बोंबील-जवळ्यावर आणि वाण्याच्या वहीवर. वाणी गेला तर ही वहीपण गेली. शेतीच्या गावात पेरणी ते सुगी या दिवसांत हीच गोष्ट लागू पडते.

पण खरी गोम अशी की 'दुकान हवं की नको' हे आपल्याला कुणी विचारतच नाही. खासगी जागेत, परवानगी घेऊन, मालक दुकान उघडतो. रस्ता मात्र सार्वजनिक आहे. त्याबद्दल विचारायचा हक्क आपल्याला आहे. म्हणून आपला जोर रस्त्यावर हवा.

मोठ्या दुकानामुळे रस्त्यावर तीन प्रकारची गर्दी वाढते. दहा मिनिटांसाठी आलेला माणूस गाडी आत न नेता कडेलाच लावतो. माल उतरवणारे टेम्पो-ट्रक येतात. आणि दारात रिक्षा उभ्या राहतात. अरुंद रस्त्यावर एक गाडी कडेला लागली की समोरासमोरच्या दोन बसेसपैकी एकीला थांबावंच लागतं. शनिवार-रविवारी आक्साला येणाऱ्या गाड्यांमुळे हे आम्ही आजही बघतो. मालाचे ट्रक सकाळी आले, तर तीच वेळ आपला मासळीचा टेम्पो बाजाराला निघायची असते. टेम्पो तासभर अडकला की बर्फ वितळतो आणि भाव पडतो. अडकलेल्या रस्त्यात बाळंतपणाला निघालेली बाईही असू शकते.

पुढची पायरी जास्त वाईट. रस्ता तुंबला की तक्रारी होतात. मग कारवाईची गाडी येते. चारचाकी हलवायची तर मालक शोधावा लागतो, वाद होतो. कडेला वाटे लावून बसलेल्या बाईची पाटी उचलायला दोन मिनिटं लागतात. गर्दी दुकानाची, आणि जागा जाते आपली.

यासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. २०१४ सालचा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हलवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असतात, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल, तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायची आणि तिथल्या विक्रेत्यांना न हलवायची तरतूद त्यात आहे. कोळीवाड्यात आजीच्या जागेवर नात बसते, तिला हे कलम माहीत असायलाच हवं. हा कायदा शहरी भागाला लागू आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत आपली जागा महिला सभा आणि ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. बाजाराच्या जागेचा ठराव तिथे मांडा आणि तो लिहून घेतलाय का ते बघा.

आता गटाने करायची कामं. पहिलं, मोजणी. बाजाराचा एक दिवस आणि साधा एक दिवस धरा. दोघी-दोघींनी सकाळी सात ते दहा बसून वहीत रेघा मारा: बस किती, ट्रक किती, कडेला उभ्या गाड्या किती, कितीदा रस्ता अडला. 'फार ट्रॅफिक होतो' असं म्हटलं तर साहेब मान हलवतात. आकडे दिले की उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, पुरावा. कोण कुठे किती वर्षं बसते याची यादी करा. जुन्या पावत्या, फोटो, सोसायटीची कागदं एका फाइलमध्ये लावा.

तिसरं, माहितीचा अर्ज. दुकानाच्या नकाशात गाड्या लावायची जागा आत दाखवावी लागते. मुंबईला एक विकास नियमावली आहे, आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला २०२० पासून एकत्रित नियमावली. नकाशात जागा किती मंजूर झाली, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवस. कागदावर पार्किंग असेल आणि तिथे गोदाम केलं असेल, तर तक्रारीला धार येते.

चौथं, लेखी मागणी. मालाच्या गाड्या रात्री किंवा दुपारी याव्यात, बस थांब्याजवळ गाडी लावू देऊ नये, बाजाराची जागा आखून द्यावी. मागण्या तीनच ठेवा, पण अर्जाची पोच घ्या.

आणि शेवटचं. स्वस्त माल ही फक्त मोठ्या मालकाची मक्तेदारी नाही. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला सत्तरच्या दशकात सहकारातून वारणा बाजार उभा राहिला. तेव्हा खेड्यात असं सगळं एका छताखाली मिळणारं दुकान नवलाचं होतं, आणि ते गावकऱ्यांच्या संस्थेचं होतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल घाऊक भावात एकत्र आणते आणि वाटून घेते. दहा बायकांच्या गटाला तेल, तूरडाळ, साखर या तीन वस्तूंपासून हे सुरू करता येईल. पावसाळ्याच्या उधारीसाठी गटाच्या बचतीतून वेगळी रक्कम मे महिन्यातच बाजूला काढता येईल.

दुकान आलं तर आपणही तिथे जाऊ, स्वस्त असेल ते घेऊ. त्यात कमीपणा नाही. पण बाहेर येऊ तेव्हा रस्त्याच्या कडेला आपल्या बहिणीची पाटी तिच्या हक्काच्या जागी दिसली पाहिजे. पुढच्या बैठकीत एक वही आणि एक पेन घेऊन बसा, आणि मोजणीचा दिवस ठरवूनच उठा.