झडपेआडची गाठ

मराठवाड्यात हृदयाचा पेशंट समोर आला की डॉक्टरांना आधी आठवतात ते इथले नेहमीचे आजार. तरुण बाईला दम भरत असेल तर लहानपणीच्या संधिवाती तापाने आखडलेली झडप, बारीक ताप आणि घटतं वजन असेल तर टीबी, एकाएकी अंगावरून वारं गेलं तर बीपी. बहुतेकदा अंदाज बरोबरही निघतो. हृदयातली गाठ नेमकी याच तीन आजारांचं सोंग घेते, म्हणून तिच्याविषयी नांदेड-लातूरकडच्या वाचकांसाठी लिहायला हवं.

हृदयातच उगवलेली गाठ फार विरळा. शवविच्छेदनाच्या नोंदींत ती 10,000 मध्ये फार तर दोन-तीन जणांत सापडते. शरीरात दुसरीकडे झालेला कर्करोग हृदयापर्यंत पोचण्याचं प्रमाण याच्या कितीतरी पट आहे. मोठ्या माणसांत सर्वांत जास्त आढळते ती 'मिक्सोमा' नावाची गाठ. ती कर्करोगाची नसते. बायकांत अधिक, साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान. चारांपैकी तीन वेळा ती डाव्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लोंबत असते. दिसायला ताडगोळ्यासारखी बुळबुळीत, अर्धपारदर्शक. ठोक्यागणिक ती मिट्रल झडपेत उतरते आणि रक्ताची वाट अडवते. मग दम, धडधड, चक्कर, सगळं झडपेच्या आजारासारखंच. फरक एवढाच की कूस बदलली, उठून बसलं की त्रास कमीजास्त होतो, छातीतला आवाजही बदलतो. पेशंट हे सांगतात, पण घाईच्या ओपीडीत ते निसटून जातं.

ताप, अशक्तपणा, सांधेदुखी, वाढलेला ईएसआर हेही या गाठीचंच काम. तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात मिसळतात. टीबीचा पुरावा हाती नसताना केवळ अंदाजाने गोळ्या सुरू करण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकणं म्हणूनच मोलाचं.

सर्वांत घातक असतो तो गाठीचा तुटलेला तुकडा. तो मेंदूत गेला तर अर्धांगवायू, पायात गेला तर पाय थंड आणि काळा पडू लागतो. चाळिशीच्या आतल्या माणसाला, बीपी-शुगर काही नसताना लकवा मारला, तर मेंदूच्या सीटी स्कॅनवर थांबू नये, हृदयाचा इको झालाच पाहिजे असं मी आग्रहाने म्हणेन. पायाच्या धमनीतून काढलेली गुठळीही फेकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवावी. ती साध्या रक्ताची नसून मिक्सोमाची आहे, हे कधीकधी सूक्ष्मदर्शकाखालीच पहिल्यांदा कळतं.

ज्या इको तंत्राने हे निदान सोपं झालं, त्याचा जन्म 1953 सालचा, स्वीडनमधल्या लुंडचा. हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी मिट्रल झडपेची अवस्था जाणून घ्यायची होती. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी त्यासाठी जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतले दोष शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र वापरून पाहिलं. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने मिक्सोमा यशस्वीपणे काढला. आज टू-डी इकोसाठी मुंबई गाठावी लागत नाही, नांदेड आणि लातूर दोन्हीकडे तो होतो. पडद्याला देठाने चिकटलेली, हलणारी गाठ दिसली की मिक्सोमाचा संशय बळावतो. रक्ताची गुठळी बहुधा कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत असते, आणि झडप आखडलेली किंवा ठोके अनियमित असतात. तरीही शंका उरली तर अन्ननलिकेतून केलेला इको किंवा एमआरआय लागतो. डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासत नाहीत, कारण तो सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते.

लहान मुलांतली गाठ वेगळी. तिचं नाव रॅब्डोमायोमा. ती गर्भातल्या सोनोग्राफीतही दिसते आणि पुष्कळदा वयाबरोबर आपोआप आक्रसते. मात्र ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करावी लागते. कर्करोगाच्या गाठींत अँजिओसार्कोमा बहुधा उजव्या वरच्या कप्प्यात होतो आणि हृदयाभोवती रक्ताळलेलं पाणी साठवतो. आपल्याकडे असं पाणी दिसलं की टीबी म्हणायची सवय आहे. औषधं चालू असूनही पाणी पुन्हा भरत असेल, तर सीटी किंवा एमआरआय करायला उशीर नको.

मिक्सोमा कळल्यावर शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. "सोयाबीन काढून झाल्यावर बघू" हे उत्तर इथे चालत नाही, कारण तुकडा कोणत्याही दिवशी सुटू शकतो. हैदराबाद, पुणे, मुंबई, जिथे सोय होईल तिथे जावं. निघण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, याची चौकशी करावी. गाठ देठासह आणि तिच्या बुडाशी असलेल्या पडद्याच्या भागासह काढली, तर ती क्वचितच परत येते. तरी पुढची काही वर्षं ठरावीक काळाने इको करत राहावं लागतं. पेशंट अगदी तरुण असेल, गाठी एकाहून जास्त असतील, ओठांवर, पापण्यांवर काळे ठिपके असतील, तर जे. एडन कार्नी यांनी 1985 साली वर्णन केलेला आनुवंशिक आजार असू शकतो. अशा वेळी आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचाही इको करून घ्यावा.