जाळीलाही दिशा असते

गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की आमच्या पवनीला पाहुणे वाढतात. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्याला ३३ वक्र दरवाजे आहेत. फेसाळते पाणी सारेच बघतात. पण अशा उंच जागी काम करणारा माणूस कशावर पाय देतो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. धरण असो, वीज केंद्र असो की साखर कारखाना, तिथे बहुधा लोखंडी जाळीची वाट असते. कामगार तिला ग्रेटिंग म्हणतात. कवीने यावर बोलावे याचे नवल वाटेल. पण बी.ए. झाल्यावर मला पहिली भाकरी मिळाली ती एका वीज केंद्राच्या बांधकामावर, ठेकेदाराचा टाइमकीपर म्हणून.

सरळ जाड पत्राच का अंथरत नाहीत, असे मलाही तेव्हा वाटायचे. पत्र्यावर पाणी साचते, तेल सांडते, कोळशाची भुकटी बसते आणि पाय घसरतो. जाळीतून हे सारे खाली जाते. बॉयलरभोवतीची गरम हवा वर निघून जाते, खालच्या मजल्याला उजेड मिळतो.

शिवाय ताकद. शाळेतली फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकते. कडेवर उभी धरा, वाकत नाही. ३० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी उभी ठेवली, तर ती आडवीपेक्षा वाकायला ३६ पट विरोध करते. अशा उभ्या पट्ट्या ओळीने मांडून त्यांवर पीळ दिलेल्या सळया आडव्या ठेवतात आणि विजेची उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. मग सुमारे ४५० अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात, म्हणजे लवकर गंजत नाही.

आमच्याकडे एक बुजुर्ग फिटर होते. सारे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. ते एकदा म्हणाले, “बाबू, नाल्यावर निसणी टाकायची तर कशी टाकशील? लांब बांबू दोन्ही काठांवर टेकले पाहिजेत ना? जाळीचंही तसंच.” भार पट्ट्या पेलतात; सळया त्यांना फक्त उभ्या धरतात. पट्ट्यांची टोके दोन्ही बाजूंच्या गर्डरवर टेकलीच पाहिजेत, आणि जाळी क्लिपा लावून घट्ट आवळलीच पाहिजे.

मी हे ऐकले खरे, पण समजलो नंतर. एका पाइपसाठी जाळीचा तुकडा कापून काढला होता. तो जवळपास चौरस असल्याने दोन्ही दिशांनी बसायचा. संध्याकाळच्या घाईत कोणीतरी तो उलट्या दिशेने ठेवला. क्लिपा सकाळी लावू म्हणाले. वरून पाहिले तर काहीच वावगे दिसत नव्हते. सकाळी एक हेल्पर खांद्यावर पाइप घेऊन त्यावरून निघाला. सळया वाकल्या, तुकडा निसटला आणि पोरगा १२ फूट खाली पडला. मांडीचे हाड मोडले.

मिस्त्रीचाचांनी तो तुकडा उचलून मला दाखवला. पट्ट्या सरळच्या सरळ होत्या. त्यांच्यावर भार आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीबुकात त्या पोराच्या नावापुढे मी गैरहजर लिहू लागलो. तसा हुकूम होता.