किटली पेटली तेव्हा...

जुलै २०२२ मधली संध्याकाळ. पाऊस नुसता कोसळत होता. धोदाणीकडच्या एका ठाकरवाडीतल्या आजी तीन दिवस तापानं फणफणल्या होत्या. आमच्या बचत गटातल्या मुलीचा फोन आला, ‘ताई, गाडी घेऊन येता का?’ गेले. आजींना मागच्या सीटवर निजवलं, सून उशाशी बसली आणि आम्ही पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वाटेला लागलो. मालडुंगे मागे पडलं असेल-नसेल, तोच माझ्यासमोर एक लाल दिवा लागला. चित्र किटलीचं. तोटीतून एक थेंब पडतोय, असं.

मला वाटलं, पावसाचं पाणी कुठेतरी शिरलं असेल. आता नेरे येईलच, तिथून पनवेल जेमतेम आठ-दहा किलोमीटर. आधी आजींना पोचवू, मग बघू. मी गाडी दामटत राहिले. थोड्या वेळानं इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली, रिकाम्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. मग एक मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. भर पावसात, काळोखात. मागून आजींचा क्षीण आवाज आला, ‘बाय, तुझी गाडी रुसली का गं?’

दैव बलवत्तर म्हणून पाठीमागून भाजीचा टेम्पो आला. त्या भल्या माणसानं आजींना रुग्णालयात पोचवलं. चार दिवसांत आजी बऱ्या होऊन घरी आल्या. पण टेम्पो येईपर्यंतची ती वीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. आजींना ताप होता म्हणून निभावलं. त्यांच्या जागी अडलेली बाळंतीण असती तर? साप चावलेलं लेकरू असतं तर?

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, एक लांब पट्टी बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. टोकाला डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं, बस्स. ‘वहिनी, ऑइल शेवटचं कधी बदललं?’ मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. ह्यांना वाटत होतं, गाडी हीच चालवते, म्हणजे हीच बघत असेल. मला वाटत होतं, गाडीचं सगळं पुरुषमाणूस बघतो. गॅरेजवाल्याला वाटत होतं, गरज पडली की येतील. तिघांच्या भरवशावर असलेलं काम कुणीच केलं नव्हतं!

काचेच्या कोपऱ्यात मागच्या सर्व्हिसिंगचा कागद चिकटवलेला होता. डिसेंबर २०२०, ४२,४०० किलोमीटर. पुढची सर्व्हिस ५२,४०० ला. आणि आता मीटर दाखवत होता ४७,१००. मी म्हटलं, ‘अहो, अजून पाच हजार किलोमीटर बाकी आहेत की!’ मेस्त्री हसला. म्हणाला, ‘वहिनी, किलोमीटर बाकी आहेत, पण दिवस संपले. एकोणीस महिने झाले. त्यात गाडी जुनी, थोडं थोडं ऑइल खात होती. मध्ये कुणी पट्टी बघितली नाही.’

इंजिन उतरवावं लागलं. खर्च गेला चाळीस हजारांच्या घरात. लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे वळवावे लागले. वेळेवर ऑइल बदललं असतं आणि अधूनमधून पट्टी पाहिली असती, तर त्याच्या दहाव्या हिश्श्यातही भागलं असतं.

मैत्रिणींनो, मी बी.ए. मराठी. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दिवशी मी गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि शाळेतल्या मुलीसारखे प्रश्न विचारले. नंतर गाडीबरोबर मिळालेली, आजवर कधीच न उघडलेली पुस्तिका वाचून काढली. आणि लक्षात आलं की, हे सगळं आपल्याला स्वयंपाकघरात आधीपासून ठाऊक आहे.

शिलाई मशीनला आपण तेलाचा थेंब सोडतो, कारण लोखंडावर लोखंड घासलं की झिजतं. इंजिनातही तेच, फक्त मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगानं. तिथलं ऑइल भागांना घासू देत नाही, त्यांची उष्णता वाहून नेतं, आतली काजळी आणि धातूचा कीस आपल्यात धरून ठेवतं आणि गंजही रोखतं. पण दिवाळीच्या चकल्या तळलेलं तेल जसं तापून तापून काळं आणि चिकट होतं, तसंच हेही होतं. त्यातली औषधं संपत जातात. मग ते असून नसल्यासारखं.

मग बदलायचं कधी? हल्लीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण असं लिहिलेलं असतं : १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. जुन्या गाड्यांना, अगदी मारुती ८०० च्या जमान्यात, मेस्त्री पाच हजारांवरच ऑइल बदलायला सांगत. आता इंजिनं सुधारली, ऑइल सुधारलं, म्हणून अंतर वाढलं. पण आपल्या गाडीचा आकडा आपल्याच पुस्तिकेत बघायचा. शेजारणीच्या गाडीचा आपल्याला लागू नाही.

घोळ होतो तो ‘जे आधी होईल ते’ या चार शब्दांत. आपण किलोमीटर तेवढे वाचतो आणि वर्ष विसरतो. आणि खरं सांगू? आपल्या, म्हणजे बायकांच्या हातातल्या गाड्यांचं वर्षच आधी भरतं. आपल्या फेऱ्या कशा असतात? मुलांना शाळेत सोडलं, दोन किलोमीटर. भाजी आणली, तीन किलोमीटर. सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं, चार. वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. आपल्याला वाटतं, गाडी फिरलीच कुठे? पण थोड्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जळताना वाफ होते. कुकरच्या झाकणाला आतून पाणी धरतं ना, तशीच ती थंड इंजिनात धरते आणि ऑइलमध्ये उतरते. थोडं न जळलेलं पेट्रोलही मिसळतं. लांब पल्ल्याला इंजिन चांगलं तापलं की ते उडून जातं. आपल्या दोन-दोन किलोमीटरमध्ये ते तिथेच राहतं. म्हणून पुष्कळ पुस्तिकांत वेगळी सूचना असते : सतत छोट्या फेऱ्या, धूळ, वाहतुकीची कोंडी किंवा जड ओझं असेल, तर ऑइल ठरल्यापेक्षा लवकर बदला. कोंडी आणि धूळ म्हणजे काय, हे पनवेल-कळंबोलीकडच्या बायकांना मी सांगायला नको!

गाडी नुसती उभी असली तरी ऑइल म्हातारं होतंच. लॉकडाउनमध्ये आमची गाडी महिनोन् महिने दारात उभी होती. त्यानंतर मीटर फारसा पुढे सरकला नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिथेच फसलो.

याची दुसरी बाजूही सांगते. काही गॅरेजवाले दर दोन-तीन महिन्यांनी ‘ऑइल काळं पडलंय, बदला’ म्हणतात. नुसत्या रंगावर जाऊ नका. काजळी आपल्यात घेणं हे ऑइलचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं दिसतं. मात्र ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, लगेच दाखवा. उगाच लवकर बदलल्यानं गाडीचं काही बिघडत नाही, आपल्या पर्सचं बिघडतं.

डब्यावरचे आकडे पाहूनही बिचकू नका. ५डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. पुस्तिकेत जो क्रमांक दिलाय तोच मागायचा. ‘याच्यापेक्षा भारी आहे’ म्हणून दुसराच डबा कुणी ओतू लागलं तर थांबवायचं. ऑइलबरोबर फिल्टरही बदलायचा; नाहीतर जुन्या गाळण्यातून नवा चहा गाळल्यासारखं होतं. डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा आणि बिलावर तारीख व किलोमीटर लिहून घ्यायचे.

स्कूटर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. तिच्यात ऑइल जेमतेम पाऊण-एक लिटर असतं. तेवढंच ऑइल सगळा भार सोसतं, म्हणून तिची मुदत गाडीपेक्षा कमी असते. बॅटरीवरच्या गाडीला मात्र इंजिन ऑइलच लागत नाही. ती असेल, तर हा लेख शेजारणीला द्या.

आणि बदललेलं जुनं ऑइल? आमच्याकडे ते मागून आणून कुंपणाच्या खांबांना, वाशांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून. उरलेलं कुठेतरी ओततात. माथेरानच्या डोंगरातून येणारी आमची गाढी नदी नेऱ्यावरून पनवेलच्या खाडीकडे जाते. इथल्या पावसात जमिनीवर सांडलेला प्रत्येक थेंब ओढ्यातून तिच्यातच उतरणार. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. परवानाधारक ठिकाणी ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. एप्रिल २०२४ पासून तर ही जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. म्हणून मी गॅरेजमध्ये आता आणखी एक प्रश्न विचारते, ‘हे जुनं कुणाला देता?’ पहिल्यांदा मेस्त्री चमकला. आता पिंप दाखवतो.

‘बाईला गाडीतलं काय कळतं?’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की आपल्यालाही ते खरं वाटतं. पण गाडीचा पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईनंच. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली गाडी, त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. साधारण शंभर किलोमीटर. वाटेत इंधन औषधांच्या दुकानातून घेतलं आणि तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. आपल्याला तर नुसती पट्टी पुसून बघायची आहे!

माझ्या फ्रिजवर आता एक चिठ्ठी आहे. तीच इथे देते :

• महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टी काढा. पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणंही वाईटच.

• लाल किटली पेटली की ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद. ‘घर आलंच’ म्हणू नका.

• गाडी उभी असते तिथे जमिनीवर काळे डाग दिसले, तर मेस्त्रीला दाखवा.

• ऑइल बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. दरवर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात.

मे महिना मी मुद्दाम निवडलाय. आपण तेव्हा पापड, कुरडया, मसाला करतो, कौलं शाकारतो, पावसाची बेगमी करतो. त्याच यादीत हे एक काम वाढवलं. गेल्या पावसाळ्यात त्याच आजींच्या नातसुनेला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. मी किल्ली घेतली, पट्टी बघितली आणि निघाले. मुलगी झाली. आजी मला म्हणाल्या, ‘बाय, आज नाही रुसली गं गाडी!’